अवनीचं मधेच थांबणं

वर्ध्याहून विश्रांतवाडीत येऊन नम्रता बऱ्यापैकी रुळली होती, पण बालवाडीच्या फाटकाशी लेकीचा हात सोडायला ती रोज वेळ लावायची. चार वर्षांची अवनी खेळता खेळता मधेच थांबायची. डोळे उघडे, पापण्या थरथरत, हाक मारली तरी ओ नाही. क्षणभराने पुन्हा खेळायला लागायची, जणू काही झालंच नाही. आधीच्या बालवाडीत नम्रताने हे सांगितलं, तर लगेच ‘दुसरीकडे बघा’ असं ऐकावं लागलं. म्हणून इथे तिने तोंड उघडलं नव्हतं. चाकणला कारखान्यात जाणारा नवरा, संजय, हेच बजावायचा, “बोलू नको. काढून टाकतील.”

एके दिवशी बालवाडीच्या वैष्णवीबाईंनी तिला थांबवलं. “अवनी गाणं म्हणता म्हणता गप्प होते. घरीही होतं का असं?”

“नाही जी.” नम्रता घाईने म्हणाली. “झोप झाली नसन.”



त्यानंतर अवनीला सोडल्यावर नम्रताचा पाय घराकडे वळेना. रस्त्यापलीकडे उभी राहून ती अंगणाकडे बघत राहायची. एका सकाळी अवनी घसरगुंडीची शिडी चढली आणि वरच्या पायरीवर थांबली. कठड्यावरचा हात सुटला. ती रस्त्यात धावली. एक रिक्षा करकचून थांबली, रिक्षावाला काहीबाही बोलला. ती फाटकात शिरली तेव्हा वैष्णवीबाई मातीत बसल्या होत्या. त्यांचं कोपर सोलवटलं होतं आणि पडता पडता झेललेली अवनी त्यांच्या मांडीत होती, जराही न खरचटलेली.

“कधीपासून होतंय हे?” बाईंनी विचारलं.

“लय दिवसांपासून.” नम्रताला हुंदका आवरेना. “तिले काढू नका जी.”

“काढायचं कोण म्हणतंय? अहो, लपवून ठेवायला हा काय दागिना आहे? मला ठाऊक असतं तर मी तिला एकटीला चढू दिलं असतं का?” बाई फटकारून बोलल्या, पण अवनीला त्यांनी मांडीवरून सोडलं नाही. “मीसुद्धा घाबरलेय, नम्रताताई.”

डॉक्टरांकडे दोघी मिळून गेल्या. घरचं नम्रताने सांगितलं, वर्गातलं बाईंनी. हा फिट्सचाच एक प्रकार निघाला. औषध सुरू झालं. संजय आधी चिडला, मग एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच येऊन बाईंना भेटला. रात्री अवनी नीट झोपली नाही की नम्रता सकाळी तसं सांगायची. वर्गात ती थांबली की बाई दुपारी सांगायच्या. थांबणं कमी झालं. भीती मात्र गेली नाही.

जूनमध्ये मोठी शाळा. नम्रता नव्या बाईंसमोर उभी राहिली. वैष्णवीबाई शेजारी होत्या, पण बोलल्या नाहीत. नम्रतानेच सुरुवात केली, “मॅडम, आमची अवनी कधी कधी मधेच थांबते...”

नव्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

“बसा. अशा वेळी आम्ही काय करायचं, ते नीट सांगा.”