कालव्यावरचा पाटकरी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. अणुऊर्जेच्या जागतिक राजकारणावरचं माझं संशोधन अडलं होतं, तेव्हा श्रीगोंद्याजवळच्या कालव्यावर एक पाटकरी भेटला. पाणी सोडायच्या दाराची चावी तो करदोट्याला बांधून ठेवायचा. मी विचारलं, "पाण्यावरून भांडणं होत असतील?"

"पानी कुनाचं ते सोडा, सायेब. चावी कुनाकडं हाय ते बघा," तो हसत म्हणाला.

अणुइंधन पुरवणाऱ्या देशांविषयीचा माझा सिद्धांत त्या वाक्यातून निघाला. पुस्तकात तो मी माझाच म्हणून मांडला आणि प्राध्यापक झालो.

निवृत्तीनंतर त्याला भेटलो. "सायेब, तुमी आमाला ध्यानात ठिवलं!" म्हणत त्यानं आग्रहानं चहा पाजला. मी मनापासून आभार मानले. पुस्तकात त्याचा उल्लेखही केला नाही, याची माफी मात्र मागता आली नाही.