पडला माणूस तर थांबावी गाडी

“कम्प्लीट हार्ट ब्लॉक,” ईसीजीची लांब पट्टी माझ्यापुढं धरत हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले. आम्ही गेलो होतो भाजलेल्या पोटरीचं ड्रेसिंग करायला. मी म्हटलं, “साहेब, यांचा पाय भाजलाय.”

ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं सहज नाडी धरली होती. मोजली, घड्याळाकडं बघितलं, पुन्हा मोजली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. त्या सिस्टरचं नाव विचारायचंही राहून गेलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याला विजेचा निरोप जातो, की आता आकुंचन पाव. हार्ट ब्लॉक म्हणजे तो निरोप वाटेतच अडतो. मग खालचा कप्पा आपल्या मनानं, सावकाश चालतो. यांचे ठोके मिनिटाला चौतीस होते. कधी मध्येच खंड पडला की माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

“याआधी कधी चक्कर आली होती का?”

मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात हे खाली मान घालून म्हणाले, “चारदा.”

आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. डोंगरकडा गावात आणि आसपास सगळे त्यांना डॉक्टरसाब म्हणतात. म्हशीनं एक वेळ चारा सोडला तर मालकाला “काहून सांगितलं न्हाई?” म्हणून झापणारा हा माणूस, आणि स्वतः चारदा पडला तरी घरात अवाक्षर नाही. आजाराचा धक्का बसलाच, पण खरं सांगते, त्या ‘चारदा’चा राग जास्त आला.

पाचव्या वेळी, म्हणजे पाय भाजला तेव्हा, हे गाडीवर होते. शुद्ध बहुतेक लगेच आली, पण तोवर चालू गाडी अंगावर पडली होती. मागचं चाक गरगर फिरतंय, सायलेन्सर पोटरीला चिकटलेला. शेजारच्या रानात हळद काढणाऱ्या तांड्यावरच्या दोघी बाया धावत आल्या. गाडी बंद कुठून करायची ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी चालू गाडीच ओढून बाजूला केली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. घरी आल्यावर मात्र यांनी सांगितलं, “खडीवर घसरलो.” आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

त्याच दिवशी आम्हाला नांदेडला पाठवलं. तिथं पेसमेकर बसवला. पेसमेकर म्हणजे काडेपेटीएवढी बॅटरीची डबी. ती खांद्याखाली कातडीच्या आत ठेवतात. तिची तार हृदयापर्यंत नेतात, म्हणजे अडलेला निरोप डबी देते. ऑपरेशनच्या वेळी आत काय चाललंय ते कळत नाही आणि बाहेर वेळ सरत नाही. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना एक सांगते, सोबत चादर न्या. मी नेली नव्हती. दवाखान्यातलं बाकडं फार गार असतं.

पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. डावा हात महिनाभर खांद्याच्या वर न्यायचा नाही. चालू इंजिनावर वाकायचं नाही, स्पार्क प्लगपासून हातभर लांब राहायचं. तिथल्या विजेनं पेसमेकर गोंधळू शकतो. महिन्यानं तपासणी चांगली आली की गाडी चालवायला हरकत नाही. यांचा चेहरा असा खुलला, जणू जावई मानपान घेऊन निघालाय.

मी विचारलं, “पण पुन्हा पडले आणि गाडी चालूच राहिली तर?”

“मावशी, हृदयाचं मी बघतो,” डॉक्टर म्हणाले. “गाडीचं मेकॅनिकला विचारा.”

ते थट्टेत म्हणाले असतील. मी मनावर घेतलं.

आमच्या गावात रामभाऊ मिस्तरी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांना म्हटलं, “भाऊ, एक दोरी यांच्या मनगटाला आणि एक टोक गाडीला. माणूस पडला की दोरी ओढली जावी आणि गाडी बंद पडावी.”

“एवढंच व्हय? वायर तोडली की मोटार बंद,” म्हणत रामभाऊंनी चावीकडची वायर कापली, मध्ये ओढला की सुटणारा वायरीचा प्लग बसवला आणि त्याला दोरी बांधली. गाडी स्टँडवर चढवून चालू केली. मी दोरी ओढली. प्लग हातात आला आणि गाडी आपली धडधडतच राहिली. रामभाऊंनी चावी फिरवली, तरी चालूच! वर धूर ओकायला लागली.

एवढ्यात हे स्पार्क प्लगची टोपी उपटायला इंजिनावर वाकले. मी सदरा धरून त्यांना असं मागं ओढलं की सदऱ्याची दोन बटणं तुटली. रामभाऊंनी गाडी गिअरात टाकली, ब्रेक दाबला, तेव्हा कुठं ती बंद पडली.

हिंगोलीच्या गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. “वहिनी, ही जुनी गाडी तोडून न्हाई थांबत, जोडून थांबते. वायर गाडीच्या लोखंडी अंगाला टेकली की इंजिन बंद.”

शेवटी माझ्याच वाळवणाच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा कामी आला. त्याच्या दोन्ही जबड्यांना पत्रा लावला, एकाला चावीकडची वायर, दुसऱ्याला गाडीच्या अंगाची. मध्ये प्लास्टिकचा तुकडा, तुकड्याला दोरी. दोरी ओढली की तुकडा निसटतो, पत्र्याला पत्रा भिडतो आणि गाडी बंद. दहा वेळा ओढून बघितलं, दहाही वेळा बंद पडली. रामभाऊही बघायला आले होते. म्हणाले, “डॉक्टरसाब, तुमचं इंजिन चालू ठेवायला डबी, अन् गाडीचं बंद कराया दोरी.” त्या दिवशी आम्ही सगळेच खूप दिवसांनी हसलो.

पण औषध आणणं वेगळं आणि घेणं वेगळं. “वहिनीनं दावं लावलं का?” असं पारावरची माणसं चिडवायची. हे घरून दोरी बांधून निघायचे आणि वेशीपाशी सोडायचे. मला दूधवालीकडून कळलं. भांडण काढायची मला हौस आहे, पण त्या वेळी आवाज चढला नाही. एवढंच म्हटलं, “नका बांधू. पण जिवाला काही झालं तर मला सांगा. दोरी मनगटाला बांधता येते, तोंडाला काय बांधू?” दुसऱ्या दिवसापासून मात्र दोरी वेशीच्या पुढंही राहायला लागली, असं दूधवालीच म्हणाली.

तेव्हा माझ्यासारख्या घरच्या बायांना हे सांगणं आहे: माणूस “घसरलो” म्हणाला तर एकदा नाडी दाखवून आणा. आणि कुठलाही जुगाड असो, घरी आपल्या हातानं ओढून बघा, मगच त्याच्यावर विसंबा.

पुढं एका उन्हाळ्यात यांना पुन्हा नांदेडला दाखवावं लागलं. पेसमेकर चोख चालला होता. उपाशीपोटी उन्हात फिरल्यानं बीपी उतरलं होतं, एवढंच. पण मला आदल्या दिवशीची दुपार सांगायचीय. हे कुरुंद्याकडं एका गाईला बघायला गेले होते. दारात आले ते चालत. गाडी नाही, आवाज नाही. हे ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, “वाटंत डोळ्यापुढं अंधारी आली. दोरी ओढली, उतरलो. गाडी एकाच्या शेतातल्या आखाड्यावर लावली अन् यष्टीनं आलो. म्हनलं, आधी तुला सांगावं. मला बरं वाटून न्हाई राहिलं.”

ऑपरेशनच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दुपारी पदर तोंडाला लावून रडले. हे घाबरून म्हणत होते, “अगं, काहून रडून राहिली? सांगितलं ना तुला.”

म्हणूनच रडत होते.