कोरा छापून आलेला बायोडेटा

त्याला सगळे पिक्सेल म्हणत. स्क्रीनवरचं चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं त्यातल्या एका ठिपक्याचं हे नाव. वेबसाइटवरचं एखादं बटण एवढ्या एका ठिपक्याने जरी बाजूला सरकलेलं असलं, तरी याच्या जिवाची घालमेल व्हायची. आधी जुन्या ऑफिसातल्या पोरांनी चिडवायला म्हणून ते नाव ठेवलं, मग बॉसनेही उचललं, आणि शेवटी घरी त्याची बायकोसुद्धा "पिक्सेलराव, दुधाचं पातेलं ओट्याला समांतर ठेवून झालं असेल तर गॅस लावा," असं म्हणू लागली.

ते ऑफिस बंद पडलं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. लोकांना तयार साच्यातल्या वेबसाइट मिळू लागल्या, आणि ठिपका ठिपका मोजणाऱ्या माणसासाठी थांबायला कुणाला वेळ उरला नाही. बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिच्यावर घर चालत होतं. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि नेमकं तेच त्याला जास्त लागत असे. सकाळी ती पर्स खांद्याला लावून निघाली की हा दार लावून घेई आणि आपला रेझ्युमे नव्याने करायला बसे.

आधी त्याने तो नकाशासारखा केला, मग एखाद्या खेळासारखा. दोन्ही मोडले. या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा त्याने साध्या कागदावर सरळ लिहून पाहिलं होतं: शिक्षण, कुठे काम केलं, काय केलं. सगळं आयुष्य अर्ध्या पानात आटोपलं. खालचं अर्धं पान तसंच पांढरं राहिलं. ते पाहून त्याला जी लाज वाटली, तिच्यावर पांघरूण घालण्यासाठी तो इतके रंग आणि इतक्या हालचाली वापरत होता.

त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघत. नोकरीची सगळी वर्षं त्यांची त्याच एका टेबलावर गेलेली. कंपनीला वेबसाइट सांभाळायला स्वतःचा माणूस हवा होता. भाऊजींनी मालकीणबाईंकडे शब्द टाकला आणि रविवारी ते याच्याकडे आले.

"हे बघा मेव्हणे, मॅडमना सगळं कागदावर लागतं. स्क्रीनवर चुका दिसत नाहीत म्हणतात. लाल पेन्सिल घेऊन वाचतात. एक पानी बायोडेटा करा, छापा आणि घेऊन या."

"भाऊजी, वेबसाइट करणारा माणूस कागद घेऊन गेला तर कसं दिसेल? शिंपी उघडाच गिऱ्हाइकाकडे गेल्यासारखं."

"शिंपी काय घालून जातो ते मॅडम बघत नाहीत हो. काजं नीट आहेत का ते बघतात."

"तुम्ही फक्त लिंक पुढे पाठवा. बाकी माझ्यावर सोडा."

भाऊजींनी मान डोलावली. पटल्याची ती मान नव्हती. बायकोच्या भावाशी वाद नको, एवढाच तिचा अर्थ होता.

त्याने बायोडेटा म्हणून केलेलं वेबसाइटचं पान खरोखर सुंदर होतं. उघडलं की फक्त एक ओळ दिसे: "बारकावा माझ्या नजरेतून सुटत नाही." बाकी सगळी मोकळी जागा. मग वाचणारा खाली खाली सरकत जाई तशी अक्षरं हळूच उमटत, जुनी कामं एकामागून एक वर येत, रेघा स्वतःहून ओढल्या जात. त्या चालीत अर्ध्या पानाचा माणूस केवढा तरी मोठा दिसे. बायकोने ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. मी इतकी सरकत आले, तरी तू नक्की काय करतोस ते शेवटी येतं होय?" त्याने ते हसण्यावारी नेलं.

मुलाखतीच्या दिवशी ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत छपाईचं बघणाऱ्या ताई होत्या. पत्रं, पावत्या, माहितीपत्रकं, जे काही कागदावर उतरायचं ते त्यांच्या टेबलावरून जाई. त्यांनी त्याला पाणी दिलं, "तुमचं पान मॅडमसाठी छापते हं," म्हणाल्या, आणि तो आत गेला.

आत मालकीणबाई, त्यांच्या शेजारी भाऊजी, आणि समोर हा. ताईंनी कागद आणून ठेवले. मॅडमनी चष्मा चढवला, लाल पेन्सिल उचलली. पहिल्या पानावर ती ओळ होती, बारकाव्याची. दुसरं पान उलटलं, कोरं. तिसरं कोरं. त्यापुढचंही कोरं. मॅडमनी एक कागद उजेडासमोर धरून पाहिला.

"हे काय आहे?"

त्याला तत्क्षणी कळलं. खाली सरकल्याशिवाय अक्षरं दिसूच नयेत असं त्यानेच त्या पानाला बजावून ठेवलं होतं. ताईंनी पान उघडलं आणि न सरकता छपाईचं बटण दाबलं, कुणीही दाबेल तसंच. कागदाला कुठलं आलंय सरकणं? कागदावर मात्र सगळं आधीपासून दिसू दे, एवढी सूचना घालायला त्याला चार ओळी पुरल्या असत्या. याच चार ओळी राहिल्या म्हणून जुन्या ऑफिसात त्याने पोरांना किती वेळा फैलावर घेतलं होतं.

भाऊजींच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं. त्या चेहऱ्यावर त्यांचं सगळ्या नोकरीचं नाव पणाला लागलेलं दिसत होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"प्रिंटरचा काहीतरी घोळ दिसतोय."

"हो हो," भाऊजी घाईने म्हणाले, "तो प्रिंटर जरा तसाच आहे."

मॅडमनी कॉम्प्युटरवर पान उघडलं, खाली सरकवलं. सगळं होतं! अक्षरं उमटली, चित्रं वर आली. म्हणजे दोष कुणाचा हे ठरूनच गेलं.

"ताई!" मॅडमनी हाक मारली. दार उघडंच होतं, बाहेरचे दोघंतिघं माना वर करून बघू लागले. "शाई संपत आली की बदला असं किती वेळा सांगायचं? बाहेरचा माणूस आलाय, त्याच्यासमोर कंपनीची ही शोभा? कोरे कागद आणून ठेवलेत, बघितलं तरी का?"

"बघते मॅडम. सॉरी मॅडम."

ताईंनी कोरे कागद उचलले, एकावर एक नीट जुळवले आणि बाहेर गेल्या. तो आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला. पुढे मॅडम काय काय विचारत होत्या, त्याने काय उत्तरं दिली, त्यातलं फारसं त्याच्या लक्षात राहिलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "काम चांगलं आहे. उद्या एक छापील प्रत तेवढी फाइलला लावा, मग पुढचं बोलू."

बाहेर येताना त्याला ताई दिसल्या. प्रिंटरचं पोट उघडून त्या खाली बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत काळे झालेले. त्याला पाहून त्या अवघडून उठल्या. "माफ करा हं. माझ्यामुळे तुमची पंचाईत झाली."

"नाही, नाही, तसं काही नाही," तो म्हणाला. तसं काही नाही, हे अक्षरशः खरं होतं. तो घाईघाईने बाहेर पडला.

घरी बायकोने विचारलं, "कशी झाली?"

"मिळेल असं वाटतंय."

"मग तोंड का असं? नोकरी मिळणाऱ्याचं तोंड असं नसतं."

"दमलोय गं."

जेवणाआधीच त्याने त्या चार ओळी घातल्या. घालायला वेळ लागला नाही, याचीच त्याला लाज वाटली. चूक डोंगराएवढी असती तर लपवल्याचं निदान काही समर्थन तरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जाताना त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. छापील प्रत निघेल, फाइलला लागेल, विषय मिटेल. प्रिंटर कधी चालतो, कधी चालत नाही, हे काय जगाला ठाऊक नाही?

ताईंनी त्याच प्रिंटरवर छपाई दिली. पहिलं पान आलं, दुसरं आलं, काळी कुळकुळीत अक्षरं, एकेक रेघ स्वच्छ. ताईंचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना.

"बघा! आला की नाही? काल सगळे गेल्यावर मी अख्खा खोलून पुसला. आत केवढी धूळ होती म्हणून सांगू! माझ्याकडूनच राहून गेलं होतं. मॅडम बोलल्या ते बरोबरच होतं हो, मलाच उगाच रात्री वाईट वाटत होतं."

आणि तो काही म्हणायच्या आत त्या कागद घेऊन आत पळाल्यासुद्धा. दारातून मॅडमचा आवाज आला, "वा! आता कसं? हे कालच केलं असतं तर?" आणि ताईंचं हसणं.

तो उभाच राहिला. सगळं कसं छान जुळून आलं होतं. मॅडम खूश, भाऊजींची मान ताठ, ताईंना शाबासकी, याला नोकरी. बोलून कुणाचं भलं होणार होतं? उलट त्या बाईचा आजचा आनंद जाणार. हे सगळं त्याने स्वतःला नीट, मुद्देसूद समजावून सांगितलं. पण ताई बाहेर आल्या, जागेवर बसल्या आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "माझीच चूक होती गं ती." तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाणारी माणसं त्याने पाहिली होती. न केलेली चूक इतक्या मोकळेपणाने आपल्या नावावर लावून घेणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते लावायला त्यानेच भाग पाडलं होतं.

तो त्यांच्या टेबलाशी गेला. "ताई, प्रिंटर कालही चांगलाच होता."

"म्हणजे?"

"माझ्या पानात चूक होती. त्यामुळे कोरं आलं. काल रात्री मी ती दुरुस्त केली, म्हणून आज नीट आलं. धुळीचा काही संबंध नाही."

ताईंनी हातातली टाचणी खाली ठेवली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला इथेही जागा होती. "कालच. आत असतानाच," तो म्हणाला.

"आणि मी बोलणी खात होते तेव्हा तुम्ही समोर बसला होता."

"हो."

"आणि आत्ता मी हसत हसत आत गेले, तेव्हाही."

"हो."

ताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या नखांच्या कडांना कालची शाई अजून तशीच होती. "मी नाही सांगणार मॅडमना," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. पण मी तिथे उभी असताना सांगा. दार उघडं ठेवून. काल उघडंच होतं."

तो आत गेला, मागोमाग ताई; दार उघडंच राहिलं. भाऊजी मॅडमना काही कागद दाखवत होते. याने सांगितलं, सगळं, एका दमात. सांगताना आवाज चिरकला, ते बाहेर ऐकू गेलं असणार.  सगळं झाल्यावर मॅडम भाऊजींकडे वळल्या.

"तुम्हीही म्हणाला होता, प्रिंटर तसाच आहे म्हणून."

भाऊजींनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "माझंही चुकलं, मॅडम," ते म्हणाले. सरळ हिशेबाची सवय असलेल्या त्या माणसाच्या तोंडून हे शब्द आपल्यामुळे निघाले, हे याला स्वतःच्या कबुलीपेक्षा जास्त झोंबलं.

मॅडम म्हणाल्या, "ताई, काल मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले. तेही चुकलं. आता हा माणूस ठेवायचा का? बसणार तुमच्याच शेजारी आहे."

तो ताईंकडे बघू शकला नाही.

"ते मला विचारू नका मॅडम," ताई म्हणाल्या. "मी छपाईचं बघते." आणि त्या आपल्या जागेवर निघून गेल्या.

मॅडमनी लाल पेन्सिल दोन बोटांत फिरवली. "वेबसाइट चांगली करता, ते मला हवंय. बाकीचं मी बघत राहणार आहे. सोमवारपासून या. आणि तो बायोडेटा परत लिहून आणा. जे केलंय तेवढंच. हलणारं काही नको."

भाऊजी त्याला फाटकापर्यंत सोडायला आले. एरवी पाठीवर थाप मारल्याशिवाय त्यांचा निरोप होत नसे. त्या दिवशी ते नुसतं म्हणाले, "या, मेव्हणे," आणि वळले.

सोमवारी त्याने अर्धं पान नेलं. मॅडमनी ते वाचलं, एका ठिकाणी लाल खूण केली आणि फाइलला लावलं. त्याचं टेबल ताईंच्या टेबलाला लागून होतं. त्यांनी त्याला कप्प्याची किल्ली दिली, पाण्याची जागा दाखवली, कुणाकडे काय मागायचं ते सांगितलं. सगळं व्यवस्थित, एकही शब्द कमी नाही आणि एकही जास्त नाही.

दुपारी बायकोचा फोन आला. आता तिला सगळं माहीत होतं. त्याने रविवारी सांगितलं होतं, आणि ती बराच वेळ भांडी घासत राहिली होती.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"त्या बोलल्या का?"

त्याने बाजूला पाहिलं. हाताच्या अंतरावर ताई कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवत होत्या.

"कामापुरतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग कामापुरतं तू नीट बोल," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.