मठात वाजलेली थाळी

टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचा जुना दगडी मठ आहे. गेल्या माघात तिथे बरोक संगीताचा महोत्सव झाला. बरोक म्हणजे काय ते मला दोघांनी समजावलं. डोक्यात एवढंच राहिलं की शेकडो वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये वाजायचं ते. मी मंडपवाला, माझा संबंध खुर्च्यांशी. पण त्या संध्याकाळी माझ्या शेजारी चांगो बसला होता, म्हणून हे सांगतोय.

चांगो मठाच्या वरच्या ठाकरवाडीतला. वाडीत कोणी गेलं की थाळी वाजवायची ती त्यानंच. काशाची थाळी, मधोमध मेणानं उभी केलेली काडी. काडीवरून बोटं खाली ओढली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर तो गेलेल्याचं नाव घेऊन त्याला वाटेला लावतो. एरवी थाळीला हात लावत नाही. ती ऐकू आली की घराघरातून मूठभर तांदूळ निघतो, आणि मेलेल्यासाठी उंबऱ्याबाहेर काढलेला तांदूळ पुन्हा घरात नेत नाहीत.

दोन वर्षांमागे त्याची बायको जिवली गेली. तिच्यासाठीही त्यानंच वाजवलं. दुसरं होतं कोण? खालच्या गावचा दीपेश तेव्हा शेजारी बसून होता. आई लहानपणीच गेलेली, म्हणून हा पोरगा जिवलीच्या चुलीशी वाढला. भाकरीचा पहिला तुकडा त्याला, मग चांगोला. दीपेशनं रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुढे केला. "काका, काकीचं नाव माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. कोनाला ऐकवनार नाय." अशा पोराला नाही कसं म्हणायचं? चांगोनं मान हलवली.

हाच दीपेश आता महोत्सववाल्यांकडे कामाला. त्यानं चांगोला पहिल्या रांगेत बसवलं. इस्त्रीचा सदरा घातलेला चांगो मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आमचा पोर हाय. समदं त्यानंच उभं केलंय."

शेवटी चेलो, ते गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, सुरू झाला. छान होतं, खोटं कशाला बोलू? मग त्याच्या खालून थाळी घुमू लागली. स्पीकरमधून चांगोचाच आवाज आला, दोन वर्षांपूर्वीचा, रडून फाटलेला. जिवली, जा गो, मागं बघू नको.

चांगोनं माझं मनगट आवळलं. "वाटंला लागली व्हती रे ती," तो पुटपुटला. "नाव घेऊन परत हाक मारली तिला."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एका बाईच्या मरणाला टाळ्या! माझ्याच खुर्च्या उचलून फेकाव्यात असं मला झालं.

दीपेश धावत आला, डोळे भरलेले. "काका, बघितलंत? सगळे रडले."

"तू शब्द दिला व्हता."

"पत्रिकेत तुमचं नाव छापलंय मी. वाईट काय केलं?"

"मला इचारायचं व्हतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

चांगोचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात मठाच्या दारात वाडीतली माणसं दिसली. स्पीकरचा आवाज डोंगरावर गेला होता; वर शब्द कळले नव्हते, थाळी तेवढी कळली होती. पुढे चांगोची शेजारीण भिमी, पदराला तांदळाची गाठ. "थाळी वाजली," ती म्हणाली. "कोन गेला रे, चांगो?"

कोणी गेलं नाही असं म्हणावं, तर एवढ्या घरचा तांदूळ न्यायचा कुठे? चांगो गाठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दीपेश."

भिमीनं समोर उभ्या दीपेशकडे पाहिलं, मग चांगोकडे. त्याच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही.

थाळी जवळ नव्हती. चांगो मठाच्या पायरीवर बसला आणि नुसत्या गळ्यानं म्हणू लागला. दीपेश, जा रे, मागं बघू नको.

"काका," दीपेशचा आवाज चिरकला. "मी हितंच हाय, काका."

चांगोनं मान वर केली नाही. भिमीनं पदराची गाठ सोडली आणि तांदूळ पायरीवर ओतला.