बगलेतून फाटलेली बाही

तर काल कुठे थांबलो होतो? हां, खिळ्यापाशी. फाटकी बाही रफूला घेऊन आलेली ती पोरगी म्हणाली, "बाही खिळ्याला अडकली, मावशी." आणि माझी मेहुणी नुसतं "हं" म्हणाली. आता माझी मेहुणी एका अक्षरावर थांबली, की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. एरवी तिला गप्प करायला तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, अख्खा जन्म पुरला नाही.

मेहुणी रफू करते. तीस वर्षं झाली, लाँड्रीशेजारच्या अरुंद दुकानात खिडकीला टेबल लावून बसते. कपड्याच्या आतल्या दुमडीतूनच धागा उपसायचा, उभ्याआडव्या विणीत एकेक तंतू भरायचा. फाटलं होतं कुठे, ते शिवणाऱ्या शिंप्यालाही सापडू नये. कपडा परत देताना गिऱ्हाइकाला म्हणते, "शोधा बरं!" मी निवृत्त झाल्यापासून दुपारभर तिथल्या बाकावर असतो. दोरा ती ओवते, सल्ले मी देतो.

पोरगी गेल्यावर मेहुणी म्हणाली, "भाऊजी, खिळ्याने कापड काटकोनात फाटतं. हे बगलेत, शिवणीपासून गेलंय. कुणीतरी दंड धरून ओढलंय हिला."

"मैत्रिणींची मस्करी असेल गं," मी म्हणालो. मोठा शहाणा ना मी!

पोरगी सोळाची. पंधरा दिवसांनी दुसरी बाही घेऊन आली. दुकानात उभी होती तेवढ्यात तीनदा फोन वाजला. दर वेळी तिने फोन फिरवून सगळं दुकान दाखवलं. मला, बाकाला, टांगलेल्या कोटांना. पलीकडे तिचा मित्र, वर्षाने मोठा. मला आपलं कौतुक. "किती काळजी करतो पोरगा!"

मेहुणीने मान वर केली नाही. "काळजी नाही भाऊजी, हजेरी घेतोय."

तिसऱ्यांदा आली ती कॉलर घेऊन. वरची दोन बटणं कापडासकट निघालेली. बाहेर उकाडा असा, की कुत्रंही सावली सोडेना, आणि हिच्या गळ्याभोवती रुमाल घट्ट.

"मावशी, आईला कळणार नाही असं करा ना. मागच्या दोन्ही वेळी तिला काही दिसलंच नाही."

मेहुणीचा हात थांबला. असली शाबासकी ऐकून एरवी फुलणारा चेहरा, तो पार उतरला.

"किती दिवस चाललंय हे, बाळा?"

"तो चांगला आहे, मावशी. राग आला की तेवढंच. नंतर रडतोसुद्धा."

तेवढ्यात तोच दारात. काय ती अदब! "नमस्कार आजोबा," म्हणाला, "आजच द्या हं आजी, आम्हाला जायचंय." बोलता बोलता पोरीच्या मानेवर हात ठेवला. तिने खांदे कानापर्यंत आवळले. ते मी पाहिलं.

"भाऊजी, औषधाची वेळ झाली तुमची," मेहुणीने एक चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली.

"अगं, ते सकाळीच घेतलं की!"

तिने असे डोळे वटारले, की तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चिठ्ठीवर पहिल्या बाहीच्या पावतीवरून उतरलेला पोरीच्या घरचा नंबर होता. लाँड्रीच्या आडोशाला उभं राहून तिच्या आईला फोन लावला. "रफूच्या दुकानात या, लगेच," एवढंच सांगितलं.

परत आलो तर पोरीला टेबलाच्या आत, भिंतीकडे बसवलेलं. "ताणून धर, बाळा," म्हणत तिच्या हातात कापड, आणि मधे मेहुणी स्वतः. पोरगा दर मिनिटाला विचारतोय, "झालं का?" एवढ्यात खिडकीतून तिची आई दिसली, कोपऱ्यावरून धावत येत होती. त्यानेही पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसूभर हललं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पोरीला हळूच म्हणाला, "उद्या भेटू ना आपण." मग मेहुणीला, "दुकान रोज उघडं असतं ना, आजी?" बाहेर पडला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. गेला नाही.

पोरगी पांढरीफटक. "मावशी, दोन टाके घाला हो पटकन! आईला मी सांगते काहीतरी."

मेहुणीने सुई उशीत खोचली, कॉलर उलगडून टेबलावर पसरली आणि म्हणाली, "आधीच्या दोन्ही वेळी मी बुजवलं, पोरी, ते माझं चुकलं. हे तुझ्या आईला बघू दे. आणि तो तिथे उभा आहे तोवर मीपण इथून हलत नाही."