समासातली बाई

गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी, मुलगा कामावर गेला की मी एकटीच असते. दुपारी जेवण झालं की बोलायला पंखा तेवढा उरतो, आणि तोही कुरकुरतो. दिवाळीत आलेली नात पुण्याला परतताना अभ्यासाचं एक पुस्तक माझ्या पलंगावर टाकून गेली. जपानातल्या जुन्या एदो शहराबद्दलचं. उद्या मुलगा तिच्याकडे जाणार, तो ते घेऊन जाईल. म्हणून आज घाईनं संपवलं.

त्यात एक माणूस भेटला. पाठीवर पुस्तकांचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारा. दुकानदार असो की मोलकरीण, सगळ्यांना गोष्टींची पुस्तकं भाड्यानं द्यायचा. वाचणारे पानांच्या समासात त्या काळच्या नटांची थट्टा करायचे, एकमेकांना टोमणे मारायचे. तो बजावायचा, पुस्तकात लिहू नका. ऐकतं कोण!

मला हसू आलं. हा गुन्हा माझ्याही नावावर आहे.

लग्न होऊन गोंदियात आले तेव्हा गल्लीत एक सायकलवाला कादंबऱ्या भाड्यानं द्यायला यायचा. सुनेनं दारात जायचं नाही, म्हणून वाचलेलं पुस्तक मी सासूबाईंच्या हाती द्यायची. त्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या. सवडीनं, दोन-तीन दिवसांनी परत करायच्या. मी मॅट्रिक! एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलं, 'खुनी डॉक्टरच आहे.' आणि महिन्यानं, निव्वळ स्वतःचं अक्षर पाहायला, तीच कादंबरी पुन्हा मागवली.

खाली वाकड्या अक्षरात उत्तर होतं. 'कायले सांगून राहिली वो? मजा घालवली ना माही!' शेजारी तपकिरी बोटाचा ठसा.

मी ठरवून टाकलं, हा पान खाणारा देखणा तरुण. मी बाई आहे हे त्यानं माझ्या वळणदार अक्षरावरून ओळखलं. मग काय, प्रत्येक पुस्तकात मी लाडीगोडीनं लिहू लागले, आणि महिन्यानं तेच पुस्तक पुन्हा मागवू लागले. एकदा उत्तर आलं, 'आज भाजी करपली. पुस्तकात कमी, चुलीत जास्त पाह्य.' तरी या मॅट्रिक पोरीला प्रश्न काय पडावा? त्याच्यापर्यंत वास गेला कसा!

शेवटी धान साठवायच्या ढोलीमागे सासूबाई दिसल्या. दातांना गुडाखू घासत होत्या, मांडीवर कादंबरी, आणि तंबाखूचं तेच तपकिरी बोट ओळीवर. पोरांच्या अंकलिपीवरून त्या केव्हाच लिहा-वाचायला शिकल्या असणार. मी पाय न वाजवता मागे फिरले.

आम्ही दोघी त्याबद्दल कधीच बोललो नाही. समोर फक्त, "सूनबाई, पानी आन वो." समासात मात्र वर्षानुवर्षं भांडलो, हसलो. पुढे सायकलवाला यायचा थांबला, मग त्याही गेल्या. तशी उत्तरं मला पुन्हा कुणी दिली नाहीत.

म्हणून नातीच्या पुस्तकाचे समास मी चष्मा पुसून पुसून शोधले. एक शब्द नाही. नुसत्या पिवळ्या रेघा, परीक्षेपुरत्या. त्या गाठोडेवाल्याशेजारीही एक होती. तिथं मी पेन्सिलीनं लिहिलं, 'काऊन वो, यात काय आवडलं तुले?'

मग वाटलं, परीक्षा झालेलं पुस्तक कोण उघडतं? तरी मुलाच्या बॅगेत ते सगळ्यात वर ठेवलं. त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन बोटाला हळद लावली आणि त्या ओळीशेजारी ठसा उमटवला.