चालणारा निंब

डोंगर, नदी, दरी ही निसर्गाची कामं. रस्ता, तलाव, शेताचा बांध ही माणसाची. देवळीजवळच्या शाळेत मी हे आयुष्यभर शिकवलं. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तो माणूस घालतो, हे मुलांना सांगितलं. माणूस तो सरकवतोही, हे सांगितलं नाही, कारण सरकवणारा मीच होतो.

माझ्या आणि शेजाऱ्याच्या वावरामधल्या धुऱ्यावर एक निंब होता. दुपारी त्याच्या सावलीत आम्ही दोघे डबे सोडायचो, तो त्याच्या बाजूला, मी माझ्या. उन्हाळ्यात तो लग्नकार्यांत गुंतला, की मी धुरा माझ्या अंगाने वीतभर कोरायचो आणि ती माती पलीकडच्या अंगाला चढवायचो. धुरा तेवढाच जाड दिसे. अडचण एकच होती. निंब सरकत नव्हता.

काही वर्षांत तो धुऱ्याच्या कडेला आला, मग माझ्या तुरीत. शेजारी डबा घेऊन धुरा ओलांडायचा.

"गुर्जी, येऊ का तुमच्या सावलीत?"

"ये ना, घरचंच झाड समज," मी उदारपणे म्हणायचो.

एकदा बुंध्याकडे बघत तो म्हणाला, "हा निंब चालून राह्यला का जी?"

"मुळं पसरतात," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि मला भरीत वाढलं. ते संपवून मी आणखी मागून घेतलं.

यंदा धुरा चढताना त्याचा पाय घसरला. भाकर मातीत, चटणी धोतरावर. त्याला उठवता उठवता मी सगळं सांगून टाकलं.

"झाडं चालत नाईत, एवढं समजते मले," तो चटणी पुसत म्हणाला.

"मग बोलला काऊन नाही?"

"भांडण झालं असतं. मंग जेवलो कुठं असतो? माह्या अंगाले दुसरं झाड हाय का?"

"उद्याच ट्रॅक्टर लावून धुरा जागेवर नेतो."

"एकदम नोका नेऊ. आणला तसा न्या, दरसाल वीतभर."

"अरे, मी ऐंशीला टेकलो!"

"मंग मराची घाई करू नोका. माह्यं वावर पुरं येऊ द्या, मंग खुशाल जा."

पहिली वीत मी या उन्हाळ्यात दिली. पण वीत कोणाच्या हाताची, यावर निंबाखाली अजून वाद चालू आहे. त्याचा पंजा फार मोठा आहे.